जनगणनेतल्या आडनावांची आकडेवारी कशी वाचावी: फाइल निवडण्यापासून विविधता मोजण्यापर्यंत

अमेरिकेच्या जनगणनेतल्या आडनावांचे तक्ते मराठीत वारंवार फिरतात. स्मिथ पहिला, गार्सिया सहावा, पटेल पहिल्या शंभरात. आकडे बरोबर असतात, पण त्यावरून काढलेले निष्कर्ष बहुतेक वेळा चुकलेले असतात. "अमुक आडनावाचे ८७ टक्के लोक कृष्णवर्णीय आहेत" हे वाक्य दोन पोस्टनंतर "कृष्णवर्णीयांमध्ये हेच आडनाव चालतं" असं होऊन येतं. दोन्ही वाक्यांमध्ये किती अंतर आहे ते पाचव्या टप्प्यात दिसेल.

खालचा सगळा क्रम २०१० च्या अमेरिकी जनगणनेच्या आडनावांच्या फाइलवर आधारलेला आहे. ती मोफत मिळते, एका साध्या स्प्रेडशीटमध्ये मावते आणि नावं व वांशिक गट एकाच ओळीत देते. क्रम मोडू नका. फाइल साफ करण्याआधी टक्के काढले, किंवा टक्क्यांची दिशा कळण्याआधी विविधता मोजली, तर चूक शेवटपर्यंत सोबत येते आणि सापडतही नाही.

## टप्पा १: प्रश्न एका ओळीत लिहा

फाइल डाउनलोड करण्याआधी कागदावर प्रश्न लिहा. वरवर सारखे दिसणारे तीन प्रश्न असतात:

- देशात कोणती आडनावं सर्वाधिक आढळतात?
- एखाद्या आडनावाचे लोक कोणकोणत्या गटांत विभागलेले आहेत?
- देशाची लोकसंख्या किती विविध आहे?

पहिल्याचं उत्तर संख्येच्या रकान्यात आहे आणि दुसऱ्याचं टक्क्यांच्या रकान्यांत. तिसऱ्याचं उत्तर आडनावांच्या फाइलमध्ये पूर्णपणे नाहीच, त्यासाठी जनगणनेचे वंश आणि वंशमूळ यांचे मुख्य तक्ते लागतात. लोक पहिल्या प्रश्नाचा आकडा घेऊन तिसऱ्याचं उत्तर देतात, आणि बहुतेक चुका तिथेच सुरू होतात.

तपासा: तुमच्या प्रश्नात "लोक", "आडनाव" आणि "गट" यांपैकी नेमकं काय मोजायचं आहे? दोन मोजायचे असतील तर प्रश्नही दोन लिहा.

## टप्पा २: योग्य फाइल घ्या

अमेरिकेच्या सेन्सस ब्यूरोने नावांच्या वेगवेगळ्या फाइली दिल्या आहेत आणि त्या एकाच पद्धतीने बनलेल्या नाहीत.

१९९० ची फाइल नमुना पाहणीवरून केलेली आहे. तिच्यात ८८,७९९ आडनावं आहेत आणि स्त्री-पुरुषांची पहिली नावंही आहेत. २००० ची फाइल पूर्ण जनगणनेवरून केली, आणि १०० किंवा त्याहून जास्त वेळा आलेली १,५१,६७१ आडनावं तिच्यात आहेत. २०१० च्या फाइलमध्ये हाच निकष लावून १,६२,२५३ आडनावं आली.

सावधान: १९९० आणि २००० च्या यादीतल्या आडनावांची संख्या शेजारी ठेवून "दहा वर्षांत आडनावं जवळपास दुप्पट झाली" असं म्हणू नका. बदलली ती मोजायची पद्धत.

पहिल्या नावांसाठी लोक आणखी एक यादी वापरतात, अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी खात्याची. ती चांगली आहे, १८८० पासूनच्या जन्मवर्षांची आहे, पण ती जनगणना नव्हे. ओळखक्रमांकासाठी आलेल्या अर्जांवरून ती बनते, आणि एखाद्या वर्षी पाचपेक्षा कमी बाळांना ठेवलेलं नाव तिच्यात येत नाही. परदेशात जन्मून पुढे अमेरिकेत गेलेला माणूस या यादीत नसतो, जनगणनेत मात्र असतो. स्थलांतरितांबद्दल लिहिताना हा फरक मोठा ठरतो.

## टप्पा ३: फाइल उघडा आणि साफ करा

प्रत्येक ओळीत आडनाव, क्रमांक, संख्या, दर लाखामागे प्रमाण, एकत्रित प्रमाण आणि मग सहा टक्केवाऱ्या असतात. त्या अशा: श्वेतवर्णीय, कृष्णवर्णीय, आशियाई व पॅसिफिक बेटांवरचे (एकत्र), मूळ अमेरिकी व अलास्काचे रहिवासी, दोन किंवा अधिक वंशांचे, आणि हिस्पॅनिक (मूळ स्पॅनिश भाषक देशांतलं असलेले). हिस्पॅनिक लोक वेगळे काढलेले असल्यामुळे उरलेल्या पाच रकान्यांत फक्त बिगर-हिस्पॅनिक लोक आहेत. म्हणूनच सहांची बेरीज १०० येते.

आता या चार गोष्टी याच क्रमाने करा.

१. "बाकी सर्व नावं" ही ओळ बाजूला काढा. तिचा क्रमांक शून्य आहे. क्रमवारी लावली की ती स्मिथच्याही वर जाऊन बसते, आणि काही जण तिला आडनाव समजून मोजतात. या एका ओळीत २,९३,१२,००१ माणसं आहेत, म्हणजे नोंद झालेल्यांपैकी जवळपास १० टक्के. ती पुसून टाकू नका. वेगळ्या पानावर ठेवा, पुढे लागेल.

२. आडनावाचा रकाना "मजकूर" म्हणून वाचायला सांगा. नल आणि ट्रू ही खरी आडनावं आहेत. पहिलं काही प्रोग्रॅमना रिकामा रकाना वाटतं, दुसरं स्प्रेडशीटला होय-नाही प्रकारचं उत्तर वाटतं.

३. टक्क्यांच्या रकान्यात कंसात "एस" दिसेल. गोपनीयतेसाठी तो आकडा झाकलेला आहे, कारण त्या गटात त्या आडनावाची अगदी मोजकी माणसं आहेत. त्याला शून्य मानू नका. दिसणाऱ्या टक्क्यांची बेरीज करा, १०० मधून वजा करा आणि उरलेलं झाकलेल्या रकान्यांमध्ये समान वाटा. ही अदमासाची सोय आहे. लेखात "अंदाजे" हा शब्द लिहायलाच हवा.

४. अवतरणचिन्हं, जोडरेघा आणि नावामधल्या मोकळ्या जागा आधीच काढलेल्या आहेत आणि सगळं रोमन लिपीच्या मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत आहे. ओ'ब्रायन शोधायचा असेल तर चिन्ह काढून शोधा. दे ला क्रूझ सलग एका शब्दात मिळेल.

तपासा: कोणत्याही दहा ओळींतल्या सहा टक्केवाऱ्यांची बेरीज करून पाहा. ती ९९.९ ते १००.१ च्या दरम्यान यायला हवी. येत नसेल तर तिसऱ्या पायरीत काहीतरी निसटलं आहे.

## टप्पा ४: क्रमांक सोडा, प्रमाण धरा

"पहिला क्रमांक" ऐकायला जड वाटतो. स्मिथ हे २४,४२,९७७ लोकांचं आडनाव, पण प्रमाण दर लाखामागे ८२८, म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. दहा लाखांहून जास्त लोकांचं आडनाव अशी फक्त अकरा आडनावं आहेत: स्मिथ, जॉन्सन, विल्यम्स, ब्राउन, जोन्स, गार्सिया, मिलर, डेव्हिस, रॉड्रिगेझ, मार्टिनेझ आणि हर्नांडेझ. अकरांची बेरीज सुमारे १ कोटी ५५ लाख, म्हणजे ५.३ टक्के. अमेरिकेच्या लोकसंख्येचं वर्णन "पहिल्या दहा आडनावां"वरून करणारा लेख शंभरातल्या पाच माणसांबद्दल बोलत असतो. यादीचं दुसरं टोक त्याहून बोलकं आहे. जनगणनेत सुमारे ६३ लाख वेगवेगळी आडनावं नोंदली गेली आणि त्यांतली ६२ टक्के एकेकदाच आली.

(या एकेकट्या आडनावांत लिहिताना किंवा वाचताना झालेल्या चुकाही असणारच. म्हणून "अमेरिकेत ६३ लाख घराणी" असा अर्थ काढू नका.)

प्रमाण काढताना भागायचं कशाने? फाइलमधलं प्रमाण २९,४९,७९,२२९ लोकांवर काढलेलं आहे, कारण वापरण्याजोगं आडनाव इतक्याच लोकांचं मिळालं. देशाची लोकसंख्या मात्र ३०,८७,४५,५३८ होती. तिने भागलंत तर स्मिथचं प्रमाण ८२८ वरून ७९१ वर येतं.

सावधान: एका आडनावासाठी फाइलमधलं प्रमाण आणि दुसऱ्यासाठी स्वतः लोकसंख्येने भागून काढलेलं प्रमाण, अशी सरमिसळ फार आढळते. एक भाजक निवडा आणि तोच शेवटपर्यंत ठेवा.

## टप्पा ५: टक्केवारीची दिशा ओळखा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

फाइलमधली टक्केवारी आडनावाकडून गटाकडे जाते. वॉशिंग्टन आडनावाच्या १,७७,३८६ लोकांपैकी सुमारे ८७.५ टक्के कृष्णवर्णीय, म्हणजे अंदाजे १ लाख ५५ हजार. स्मिथ आडनावाच्या लोकांत कृष्णवर्णीय २३.११ टक्के, ८७ च्या तुलनेत किरकोळ वाटतात. पण गुणाकार करा: २४,४२,९७७ पैकी २३.११ टक्के म्हणजे सुमारे ५ लाख ६५ हजार. कृष्णवर्णीय स्मिथ हे कृष्णवर्णीय वॉशिंग्टनांच्या साडेतीन पटींहून जास्त आहेत.

आता उलट दिशेने जा. २०१० मध्ये बिगर-हिस्पॅनिक कृष्णवर्णीय लोक सुमारे ३ कोटी ७७ लाख होते. त्यांच्यात वॉशिंग्टन आडनावाचे १ लाख ५५ हजार, म्हणजे ०.४ टक्के. माणसं तीच, पण एका दिशेने ८७.५ आणि दुसऱ्या दिशेने ०.४. या दोन आकड्यांतला कोणता वापरायचा हे टप्पा १ मध्ये लिहिलेला प्रश्न ठरवतो.

म्हणून प्रत्येक टक्केवारीसाठी हे तीन आकडे एकाच ओळीत मांडा:

१. आडनावातला गटाचा वाटा (फाइलमधून थेट).
२. त्या गटातली माणसं (संख्या गुणिले वाटा).
३. गटातला आडनावाचा वाटा (वरचा आकडा भागिले गटाची देशातली एकूण संख्या).

चौथाही आकडा मांडा असा माझा आग्रह आहे, तो म्हणजे गटाचा देशातला वाटा. तो नसेल तर कोणतीही टक्केवारी मोठी की लहान हे ठरवता येत नाही. बिगर-हिस्पॅनिक कृष्णवर्णीय देशात १२.२ टक्के होते. स्मिथांमध्ये ते २३.११ टक्के आहेत, म्हणजे जवळपास दुप्पट. श्वेतवर्णीय देशात ६३.७ टक्के आणि स्मिथांमध्ये ७०.९. हिस्पॅनिक आणि आशियाई स्मिथ फार कमी असल्याने उरलेले दोन्ही वाटे फुगले. "स्मिथ म्हणजे गोऱ्यांचं आडनाव" असं लिहिणाऱ्याने हा चौथा आकडा कधीच पाहिलेला नसतो.

सावधान: यातल्या कोणत्याही टक्केवारीवरून समोरच्या एका माणसाचा वंश, धर्म किंवा देश ठरवू नका. गार्सियांमध्ये हिस्पॅनिक ९२ टक्के आहेत, तरी आशियाई व पॅसिफिक रकान्यातले १.४ टक्के गार्सिया म्हणजे सोळा हजारांहून जास्त माणसं. १८४९ मध्ये स्पॅनिश गव्हर्नरच्या हुकमाने फिलिपिन्समध्ये आडनावं वाटली गेली. तिथल्या कुटुंबांची स्पॅनिश आडनावं त्यांच्यासोबत अमेरिकेत आली. नोकरीचे अर्ज किंवा भाडेकरू निवडताना आडनावावरून वंशाचा तर्क करणं हा सरळ अन्याय आहे, आणि तो तर्क चुकतोसुद्धा.

## टप्पा ६: विविधता मोजा

आता सूत्र. सहा टक्केवाऱ्यांचे दशांश करा, प्रत्येकाचा वर्ग करा, बेरीज करा, बेरीज १ मधून वजा करा आणि शंभरने गुणा. उत्तराचा अर्थ असा: या आडनावाच्या लोकांतून कोणतीही दोन माणसं उचलली, तर ती वेगवेगळ्या गटांतली असण्याची शक्यता किती.

स्मिथसाठी करू. ०.७०९ चा वर्ग ०.५०२७, ०.२३११ चा ०.०५३४, बाकी चार मिळून ०.००१२. बेरीज ०.५५७३, म्हणजे निर्देशांक ४४. गार्सियाचा येतो १५. ली या आडनावात श्वेतवर्णीय ३६, कृष्णवर्णीय १६ आणि आशियाई ४२ टक्के आहेत, म्हणून त्याचा निर्देशांक ६६ च्या आसपास जातो. इंग्लंडकडून आलेले, गुलामगिरीतून सुटलेल्यांचे वंशज, चिनी आणि कोरियन कुटुंबं, असे सगळे या एका आडनावात आहेत.

सेन्सस ब्यूरो देशासाठी याच तत्त्वावरचा निर्देशांक काढतं: २०१० मध्ये ५४.९, २०२० मध्ये ६१.१. राज्यांत २०२० मध्ये हवाई सर्वांत वर (७६.०) आणि मेन सर्वांत खाली (१८.५). मात्र त्यात आशियाई आणि पॅसिफिक बेटांवरचे हे वेगळे गट धरलेले आहेत आणि आडनावांच्या फाइलमध्ये ते एकत्र आहेत. त्यामुळे लीचे ६६ आणि देशाचे ५४.९ ढोबळपणे शेजारी ठेवा, वजाबाकी करू नका.

आणखी एक गफलत इथे होते. आडनावांची संख्या आणि लोकसंख्येची विविधता एकच समजली जाते. दक्षिण कोरियाच्या २०१५ च्या जनगणनेत किम २१.५, ली १४.७ आणि पार्क ८.४ टक्के होते. तीन आडनावांत देशाचे जवळपास ४५ टक्के लोक. पण तिथे आडनावाखाली मूळ गावावरून पडणारी कुळं असतात आणि एकाच किममध्ये वेगवेगळी कुळं आहेत. आडनावांच्या यादीला ती दिसत नाहीत. थोडी आडनावं असली की समाज एकसुरी आणि खूप असली की बहुरंगी, हे समीकरण कुठेच लागू होत नाही. आडनावं किती आहेत हे तिथे ती कधी आणि कशी ठेवली गेली यावर ठरतं.

तपासा: निर्देशांक उणे आला, तर टक्क्यांचे दशांश करायचे राहिले आहेत. १०० किंवा त्याहून जास्त आला, तर आकडेमोडीत दुसरी चूक आहे.

## टप्पा ७: दोन जनगणनांची तुलना

फक्त २००० आणि २०१० घ्या. स्मिथ २३,७६,२०६ वरून २४,४२,९७७ झाले. वाढले? संख्येने हो. दर लाखामागे मात्र ८८१ वरून ८२८ वर आले. पटेल १,४५,०६६ वरून २,२९,९७३ झाले, म्हणजे ५८.५ टक्के वाढ, आणि क्रमांक १७२ वरून ९५.

बातमीत सहसा क्रमांकाची उडी येते. क्रमांक मात्र शेजारच्या आडनावांवरही अवलंबून असतो. यादीच्या मधल्या भागात थोड्या माणसांच्या फरकाने क्रमांक बरेच खाली-वर होतात. संख्या, दर लाखामागे प्रमाण आणि मग हवा असेल तर क्रमांक, या क्रमाने लिहा. आशियाई रकान्यात भारतीय, चिनी, फिलिपिनो सगळे एकत्र असल्यामुळे "भारतीय किती वाढले" हे पटेलांवरून काढता येत नाही. त्यासाठी जनगणनेचे देशमूळाचे वेगळे तक्ते आहेत.

## टप्पा ८: मराठी आणि गोव्याची आडनावं शोधताना

ही फाइल हातात आली की आपण आधी आपलंच आडनाव शोधतो, आणि रोमन लिपी तिथे दगा देते.

गोरे घ्या. अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांचं आडनाव रोमन लिपीत अगदी तसंच लिहितात. मोरे आणि तिथलं मोर यांचंही तसंच. म्हणजे त्या ओळीतली संख्या मराठी गोऱ्यांची किंवा मोऱ्यांची नाही. उलट गायकवाड, पवार, चौधरी यांची स्पेलिंगं अनेक आहेत, आणि प्रत्येक स्पेलिंग ही स्वतंत्र ओळ, ती शंभरी गाठली तरच. डिसूझामधलं अवतरणचिन्ह गळून पडतं, पण "दे सूझा" असं लिहिणाऱ्यांची ओळ वेगळीच राहते. फर्नांडिस तर गोव्यासोबत पोर्तुगाल, ब्राझील आणि केप व्हर्देकडूनही अमेरिकेत गेलेलं आहे, त्यामुळे ते वेगवेगळ्या रकान्यांत विखुरतं.

असं करा:

१. आडनावाची सगळी प्रचलित स्पेलिंगं आधी लिहून काढा, मग शोधा.
२. प्रत्येक ओळीतला आशियाई वाटा पाहा. तो फार कमी असेल तर ओळीतली बहुतेक माणसं आपल्याकडची नाहीत.
३. आशियाई वाटा जास्त असला तरी "मराठी" असा निष्कर्ष काढू नका. जोशी गुजरात, कुमाऊँ आणि नेपाळमध्येही आहेत. कुलकर्णी, पाटील, देशपांडे उत्तर कर्नाटकातही तितकेच मुरलेले आहेत.
४. ओळ सापडली नाही तर "१०० पेक्षा कमी" असं लिहा, "कोणी नाही" असं नाही. ती माणसं टप्पा ३ मध्ये बाजूला ठेवलेल्या त्या मोठ्या ओळीत आहेत.

## टप्पा ९: हेच भारतासाठी करायचं असेल तर

आडनावांची अशी फाइल भारताच्या जनगणनेत नाही. प्रगणक नाव लिहून घेतो, पण १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ नुसार वैयक्तिक नोंदी कोणालाही पाहायला मिळत नाहीत. "जनगणनेनुसार महाराष्ट्रातलं सर्वांत जास्त आढळणारं आडनाव" असं वाचलंत तर ते जनगणनेतून आलेलं नाही हे पक्कं समजा. असे आकडे सहसा मतदारयाद्यांवरून काढतात, आणि त्यांत १८ वर्षांखालचे आणि नोंदणी न केलेले लोक नसतात.

विविधतेसाठी मातृभाषेचा तक्ता घ्या. त्याचा नंबर सी-१६. तिथेही आधी गट कसे पाडले ते वाचा. २०११ मध्ये लोकांनी सांगितलेल्या मातृभाषांची नावं १९,५६९ होती. छाननीनंतर १,३६९ उरली. दहा हजार किंवा अधिक भाषक असलेल्या २७० मातृभाषा वेगळ्या दाखवल्या आणि त्या १२१ भाषांखाली लावल्या. टप्पा ६ मधलं सूत्र तुम्ही २७० वर लावता की १२१ वर, यावर उत्तर बदलतं. कोणतं घेतलं ते लिहा.

महाराष्ट्रासाठी काम करणाऱ्यांनी दोन ओळी आवर्जून तपासाव्यात. देशातले मराठी भाषक ८,३०,२६,६८० दिसतात, पण खानदेशी ही भाषा वेगळी धरलेली आहे आणि तिचे १८ लाख ६० हजार भाषक मराठीच्या आकड्यात नाहीत. अहिराणी बोलणारे तिथे शोधा. मालवणी कोकणीखाली आहे. सिंधुदुर्गाचा निर्देशांक काढणार असाल तर मालवणीची ओळ कोकणीत ठेवून एकदा आणि स्वतंत्र धरून एकदा, असा दोन्ही प्रकारे काढा आणि दोन्ही आकडे छापा.